पीळ किती, ते तेलाला विचारा

मंडळी, या वेळचा विषय वाचून घरातल्या काही जणांना हसू येणार आहे. मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. तीसेक वर्षं परतूर तालुक्यात आणि नंतर जालन्यात मुलांना विशेषणं, क्रियाविशेषणं शिकवली. आणि आज लिहायला बसलेय नट-बोल्टवर! पण जालन्यात राहायचं आणि लोखंडावर एकदाही लिहायचं नाही, हे काही बरं नव्हे. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलांवर या गावातली किती घरं चालतात, ते इथल्या वाचकांना सांगायला नको.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी माझं म्हणणं आधीच सांगते. बोल्ट किती आवळायचा, याचा आकडा कधीही एकटा लिहू नये. बोल्ट कोरडा आहे, त्याला तेल लावलंय की ग्रीस, हे त्या आकड्याशेजारी लिहिलेलं नसेल तर ते वाक्य अर्धंच राहतं. आणि अर्ध्या वाक्याची शिक्षा ते लिहिणाऱ्याला होत नाही, पाना धरणाऱ्याला होते.

आता सविस्तर.

आमचा एक नातू (पुतण्याचा मुलगा, घरच्यांना कळेल कोण ते) आयटीआयमधून फिटर होऊन इथल्याच एका मिलमध्ये लागला. त्यांच्याकडे एका गिअरबॉक्सचे बोल्ट बदलायचे होते. भिंतीवर एक जुना कागद चिकटवलेला. त्यावर बोल्टचं माप आणि त्यापुढे एक आकडा, बाकी काही नाही. पोरानं नवे बोल्ट घेतले, स्टोअरमधून मिळालेलं काळं मॉली ग्रीस आट्यांना आणि डोक्याखाली व्यवस्थित लावलं, टॉर्क पाना कागदावरच्या आकड्यावर लावला आणि ‘टक्’ वाजलं की थांबला. शेवटच्या फेरीत एक बोल्ट तुटला. बाकीचे काढून पाहिले तर दोन लांबलेले. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. पण रजिस्टरमध्ये ‘प्रमाणाबाहेर ताकद लावली’ असं लिहिलं गेलं आणि दोन दिवसांचा पगार कापला गेला.

‘‘आजी, पाना टक् वाजला तिथंच थांबलो मी. जास्त लावलीच नाही,’’ एवढंच तो म्हणत होता.

त्याचं खरं होतं. ते कसं, हे समजून घेण्यात माझे पंधरा दिवस गेले. पुण्याचा भाचा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. त्यानं फोनवरून माझे सगळे हिशेब तपासून दिले, म्हणून धीर करून मांडतेय.

बोल्ट आवळतो म्हणजे आपण नेमकं काय करतो? आपल्याला वाटतं, नट फिरवून घट्ट बसवला. प्रत्यक्षात आपण बोल्टला ताणत असतो. बोल्ट हा एक फार कडक स्प्रिंग आहे. तो किंचित लांबतो, परत आखडायला बघतो आणि त्या ओढीनं दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. सांधा धरून ठेवतो तो हा ताण. पाना मात्र ताण मोजत नाही, पीळ मोजतो. या दोघांच्या मध्ये बसलेलं असतं घर्षण.

आणि ते किती खातं बघा. आपण पान्यावर शंभर रुपयांची मेहनत केली असं धरलं, तर साधारण पन्नास रुपये डोक्याखाली (किंवा नटाखाली) घासण्यात जातात. चाळीसेक आट्यांमध्ये जातात. बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा! म्हणजे त्या नव्वदात थोडी जरी बचत झाली, तरी तेवढ्या भांडवलावर दहाचे वीस व्हायला वेळ लागत नाही. तेल-ग्रीस नेमकी हीच बचत करतं.

हिशेबाचं सूत्र अगदी सोपं आहे. पीळ म्हणजे ताण गुणिले बोल्टचा व्यास गुणिले एक गुणक. या गुणकाला कारखान्यात ‘के’ म्हणतात. साध्या पोलादी बोल्टला, फार तेल-बिल नसेल तर, के ०.२ धरायची जुनी पद्धत आहे. इंजिनाचं तेल लावलं की तो ०.१५ च्या आसपास येतो. मॉली ग्रीस लावलं तर ०.१२ किंवा त्याहून थोडा खालीसुद्धा.

आता नातवाचा बोल्ट घेऊ. एम १६, म्हणजे १६ मिलिमीटर व्यासाचा, आणि डोक्यावर ८.८ कोरलेलं. (हे ८.८ म्हणजे काय, हेही मला आत्ता कळलं. पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत तुटत नाही, आणि दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, तो कायमचा लांबायला लागतो.) कागदावर होतं २२० न्यूटन-मीटर. न्यूटनमध्ये आपल्याला काही अंदाज येत नाही, म्हणून मी सगळं मोंढ्यातल्या भाषेत, क्विंटलमध्ये करून पाहिलं.

के ०.२ धरला तर २२० च्या पिळानं बोल्टवर सुमारे ७० क्विंटलचा ताण येतो. या बोल्टला बिनधोक सोसवतं ते सुमारे ९३ क्विंटल. म्हणजे तीन-चतुर्थांश. ज्यानं कागद लिहिला त्यानं अगदी शास्त्रशुद्ध लिहिला होता! फक्त त्याच्या मनात कोरडा बोल्ट होता आणि ते मनातच राहिलं.

त्याच २२० ला इंजिन तेल लावलेला बोल्ट असेल तर ताण होतो सुमारे ९३ क्विंटल. काठावर. आणि मॉली ग्रीस असेल तर ११७ क्विंटल! बोल्ट कायमचा लांबायला लागतो १०२ च्या आसपास, त्यात पिळाचा ताण वेगळाच. बोल्ट लांबला नसता तरच नवल. ग्रीस लावल्यावर तोच ७० क्विंटलचा ताण आणायला १३२ न्यूटन-मीटर पुरले असते.

उलटंही होतं, आणि ते जास्त वाईट, कारण ते दिसत नाही. समजा कागद ग्रीसवाल्या बोल्टचा आहे, १३२ चा, आणि एखाद्यानं कोरडाच बोल्ट लावला. पाना टक् वाजेल, सही होईल, आणि ताण असेल फक्त ४२ क्विंटल. असा बोल्ट तुटत नाही. तो यंत्राच्या थरथरीनं हळूहळू सैल होत जातो आणि महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी शिफ्टमध्ये सुटतो. मग तो ज्याच्या शिफ्टमध्ये सुटला, दोष त्याचा.

तर मग घर्षणाचा आकडा धरायचा कोणता? शाळेच्या पुस्तकात हा प्रश्नच येत नाही. गणितातच दिलेलं असतं, ‘घर्षण गुणांक ०.३ मानू’. आता हे मानणारा कोण? पुस्तकात लेखक मानतो आणि उत्तर बरोबर येतं. मिलमध्ये मात्र कुणीतरी खरोखर मानावं लागतं, आणि ज्यानं मानलं त्यानं तसं लिहून ठेवावं लागतं.

इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो सांगते. घर्षण गुणांक (ज्याला ‘म्यू’ म्हणतात) आणि वरचा ‘के’ हे दोन वेगळे आकडे आहेत. के मध्ये आट्यांचं घर्षण, डोक्याखालचं घर्षण आणि आट्यांचा चढ असं सगळं एकत्र येतं. एम १६ साठी म्यू ०.१५ असेल तर के होतो ०.१९५ च्या जवळपास. एखाद्यानं तक्त्यातला म्यू ०.१५ उचलला आणि सूत्रात के च्या जागी टाकला, तर तेल न बदलताच बोल्ट पाव हिश्शानं सैल राहतो. नावं सारखी नसली तरी आकडे दिसायला सारखे असतात, म्हणून फसगत होते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. घर्षणाचा एकच एक आकडा असा नसतोच. जर्मन इंजिनिअरांची व्हीडीआय २२३० नावाची प्रसिद्ध मार्गदर्शिका आहे. तिच्यात घर्षणाचे गट केले आहेत आणि प्रत्येक गटाला एक आकडा देण्याऐवजी पट्टा दिला आहे. नेहमीच्या कामात ज्या गटात बसायचा प्रयत्न करतात, त्याचा पट्टा आहे ०.०८ ते ०.१६. म्हणजे खालचा आकडा वरच्याच्या निम्मा! मग मधला ०.१२ धरून मोकळं व्हायचं का? माझ्या मते नाही. दोन्ही टोकांना दोन वेगळे प्रश्न विचारायचे.

खालच्या टोकाला विचारायचं : घर्षण इतकं कमी निघालं तर बोल्ट तुटेल का? वरच्या टोकाला विचारायचं : घर्षण इतकं जास्त निघालं तर सांधा धरून राहील का?

आपल्याच बोल्टवर करून पाहू. म्यू ०.०८ असताना ताण ९० क्विंटलच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं ठरवलं तर पीळ येतो सुमारे १६० न्यूटन-मीटर. त्याच १६० ला म्यू ०.१६ निघाला तर ताण येईल ५० क्विंटलच्या आतबाहेर. आता विचारायचं, या सांध्याला ५० क्विंटल पुरतात का? पुरत असतील तर काम झालं. पुरत नसतील तर? इथेच बहुतेक जण पीळ वाढवतात, आणि इथेच बोल्ट तुटतात. खरे उपाय दोन : बोल्ट मोठा किंवा जास्त घ्यायचे, नाहीतर तेल एकच ठरवून, ते लावायची पद्धत एकच ठेवून घर्षणाचा पट्टा अरुंद करायचा. दुसरा उपाय जवळजवळ फुकट आहे.

‘‘मग तेल लावूच नका, कोरडंच आवळा, कटकट नको,’’ असं एका ओळखीच्यांनी सुचवलं. ऐकायला बरं वाटतं, पण ‘कोरडा’ ही काही एक अवस्था नाही हो. डब्यातून काढलेल्या नव्या बोल्टला कारखान्याच्या तेलाचा पातळ थर असतो. चार दिवस उघड्यावर पडलेल्याला धूळ असते. जुलैत बाहेर राहिलेल्याला गंज. जस्ताचा मुलामा असलेल्याची चाल वेगळी, आणि तोच तिसऱ्यांदा वापरला की आणखी वेगळी. तेल घर्षण कमी करतं हे खरं, पण ते घर्षण सारखंही करतं. शिवाय पुढच्या वेळी बोल्ट सुटा होतो, गॅस कटर आणावा लागत नाही.

मात्र तेल कुठे नको, हेही माहीत हवं. पोलादी बांधकामात काही सांधे असे असतात की बोल्ट दोन प्लेटा इतक्या दाबून धरतो की प्लेटांमधल्या घर्षणावरच सगळा भार पेलला जातो. तिथे आट्यांना वंगण चालतं, पण प्लेटांच्या मधल्या तोंडांवर तेलाचा डाग चालत नाही. आणि ट्रॅक्टर-ट्रकच्या चाकांचे नट! बहुतेक कंपन्या ते कोरडे आवळायला सांगतात, काही ठरावीक जागी तेलाचा थेंब सांगतात. आपल्याकडे उसाची ट्रॉली ओढणारी मंडळी ‘जाम होऊ नये’ म्हणून सर्रास ग्रीस फासतात आणि वर लांब पाइप घालून आवळतात. कृपा करून पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघा. ज्यानं आकडा दिला त्यानं कोणता बोल्ट मनात धरला होता, ते तिथेच कळतं.

याबाबतीत रेल्वेचं मला कौतुक वाटतं. परतूरला असताना थंडीच्या दिवसांत गँगमन रुळांचे सांधे खोलून ग्रीस लावताना दिसायचे. मला वाटायचं, गंज लागू नये म्हणून असेल. पुढे कळलं की तो नियमच आहे. सांध्यांना वंगण वर्षातून एकदा, थंडीच्या महिन्यांत, आणि ग्राफाइटचं. उन्हानं रूळ वाढतो, थंडीनं आखडतो, म्हणून फिशप्लेटचे बोल्ट सैल नकोत आणि रुळाला सरकूच देणार नाहीत असे करकचूनही नकोत. आता लांब वेल्डिंग केलेले रूळ आल्यामुळे असे सांधे पुष्कळ कमी झालेत. पण बघा, काय लावायचं, कधी लावायचं, सगळं लिहून ठेवलेलं. गँगमनच्या लहरीवर सोडलेलं नाही.

आता जुन्या मिस्त्रींचा मुद्दा. ‘‘आम्ही आयुष्यभर हाताच्या अंदाजानं आवळलं, काही बिघडलं नाही.’’ मी त्यांचा अनादर करणार नाही. त्यांचा हात खोटा नव्हता. पण त्यांचा पाना तोच, बोल्ट त्याच दुकानातले, तेलाचा डबा तोच, अशी वर्षानुवर्षं. घर्षण बदलतच नव्हतं, म्हणून हात बरोबर यायचा. आता स्टोअरमध्ये दर वेळी वेगळ्या कंपनीचा डबा येतो. बोल्ट कधी काळे, कधी पांढरे. अशा वेळी हातालाही फसायला होतं आणि टॉर्क पान्यालाही. चांगला पाना वापरूनसुद्धा ताणात २५-३० टक्के इकडेतिकडे होतो, असं बोल्टवरची पुस्तकंच सांगतात. पाना महाग आहे म्हणून आकडा खरा, असं नाही.

मग खात्री करायची कशी? एक साधी युक्ती भाच्यानं सांगितली, ती इथल्या फिटर मंडळींसाठी मुद्दाम देते. आरपार बोल्ट असेल, दोन्ही टोकं हाताला येत असतील, तर आवळण्याआधी आणि नंतर मायक्रोमीटरनं त्याची लांबी मोजा. आपल्या एम १६ चा आवळलेला भाग १०० मिलिमीटर असेल तर ७० क्विंटलला तो साधारण ०.२ मिलिमीटर लांबतो. मायक्रोमीटर ०.०१ मिलिमीटर दाखवतो, म्हणजे पुरेसं कळतं. असे पाच-सात बोल्ट आपल्याच ग्रीसनं आवळून मोजले की आपल्या मिलचा, आपल्या डब्याचा ‘के’ आपल्या हातात. जर्मनीच्या तक्त्यापेक्षा तो आपल्यासाठी जास्त खरा. मोठ्या पोलादी बांधकामासाठी आपल्या भारतीय मानकात (आयएस ४०००) नट आधी नीट बसवून मग ठरावीक अंश फिरवायची पद्धतही दिलेली आहे. तिच्यात घर्षणाची लुडबुड बरीच कमी होते, कारण तिथे पिळाऐवजी फिरणं मोजतात.

एवढं सगळं प्रत्येक बोल्टला करा, असं मी म्हणत नाही. पत्र्याच्या शेडला कोण मायक्रोमीटर लावतो! पण जिथे माणूस शेजारी उभा राहतो, जिथे तापलेली सळई पळते, जिथे ट्रॉलीच्या मागे शाळेची पोरं सायकलवर असतात, तिथे तरी करावं.

आणि भिंतीवरच्या कागदाला तर काहीच खर्च नाही. आकड्याशेजारी दोन रकाने वाढवायचे. एकात ‘काय लावायचं’, दुसऱ्यात ‘कुठे लावायचं’ – आट्यांना, डोक्याखाली, की दोन्हीकडे. (फक्त आट्यांना लावलं तर डोक्याखालचे पन्नास रुपये तसेच खर्च होतात, हे आता तुमच्या लक्षात आलं असेलच.) खाली ज्यानं हिशेब केला त्याची सही. ग्रीसची कंपनी बदलली की कागद बदलायचा. आणि आयटीआयच्या परीक्षेत एकदा तरी असा प्रश्न यावा, ज्यात घर्षण गुणांक दिलेलाच नाही. मुलानं आधी विचारावं, ‘सर, बोल्टला काय लावलंय?’ या प्रश्नालाच अर्धे मार्क द्यावेत.

नातवानं हा हिशेब वहीच्या पानावर मांडून साहेबांना नेऊन दिला. पगार परत मिळाला नाही. भिंतीवर आता नवा कागद आहे, त्यात तेलाचा रकाना आहे, असं तो सांगतो. रजिस्टरमधलं ‘प्रमाणाबाहेर ताकद’ मात्र तसंच आहे. मला ते खटकतं. प्रमाण कोणतं होतं, ते कुणी लिहिलं नव्हतं, आणि शेरा ज्याच्या नावावर लागला त्यानं तर लिहिलेलं अक्षरशः पाळलं होतं.

असो. तुमच्यापैकी जे कारखान्यात, वर्कशॉपमध्ये, गॅरेजमध्ये आहेत, त्यांनी आपापल्या भिंतीवरचा कागद उद्या एकदा वाचावा. आकडा एकटा दिसला तर पेन काढावं. आणि काय दिसलं ते मला जरूर कळवावं.